पाच दिवसांची चिठ्ठी, सात महिने

2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपुरात चिकुनगुन्यानं काय धुमाकूळ घातला ते इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या मानेवाड्याच्या गल्लीत सकाळी दूध आणायला निघालेले लोक बघितले तर निम्मे भिंतीला हात लावत चाललेले, आणि एकमेकांना विचारायचो ते "कसं काय" नाही, "झाला का तुमचा?" असं. आमच्याकडे आधी मला झाला, मग बायकोला, मुलगी सुटली, आणि 74 वर्षांची आई त्याच घरात राहून कशी वाचली ते तिलाच माहीत.

ताप चार दिवस. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणजे वडिलांच्या वेळेपासूनचे, दोन खोल्यांचा दवाखाना, बाहेर बाकड्यावर नंबर लावून बसायचं. त्यांनी नुसती पॅरासिटामॉल 650 लिहिली. मी वैतागलो. अंग असं दुखतंय की चादर ओढता येत नाही आणि हे तापाची गोळी देतात. जरा स्ट्राँग काहीतरी द्या म्हटलं तर म्हणाले, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत दुसरं काही देत नाही, डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, त्यावर डायक्लो किंवा आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी पडली तर रक्तस्रावाची भीती असते. रिपोर्ट आला, डेंग्यू नव्हता. मग आठव्या दिवशी त्यांनी लिहून दिली ॲसिक्लोफेनॅक 100 अधिक पॅरासिटामॉल 325 ची दुखण्याची गोळी, सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर, सोबत ॲसिडिटीची एक, पाच दिवस, आणि खाली "नंतर दाखवणे". हे "नंतर दाखवणे" मी नीट वाचलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू.

पाच दिवसांनी फरक पडला म्हणून नाही गेलो. मग आठवड्यानं परत सुरू. ज्यांना झालाय त्यांनाच कळेल, ताप जातो पण सांधे जात नाहीत. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा. टूथपेस्टचं झाकण फिरत नाही, शर्टाचं वरचं बटन बायकोनं लावायचं. मी पतसंस्थेत कॅशला बसतो, तिथं नोटा मोजताना अंगठा आणि बोट जुळेना, 500 ची गड्डी दोनदा हातातून सुटली आणि समोरची बाई म्हणाली साहेब राहू द्या, मीच मोजते. चिकुनगुन्या हा शब्द टांझानियाकडच्या माकोंडे भाषेतला आहे, अर्थ काहीतरी "वाकवून टाकणारा" असा. नाव ठेवणारा माणूस स्वतः त्यातून गेलेला असणार.

चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये होताच. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये दाखवला. (नागपुरात मेडिकल म्हटलं की मोठं सरकारी हॉस्पिटलही मेडिकल आणि गोळ्यांचं दुकानही मेडिकल, मी दुकानाबद्दल बोलतोय.) पहिल्या वेळी पोरानं फोटो बघितला. दुसऱ्या वेळी "भाऊ, तेच का?" तिसऱ्या वेळेपासून मी गाडी स्टँडवर लावेपर्यंत त्याची कात्री चाललेली असायची. दवाखान्यात गेलो तर दीड तास आणि वर फी, इथं दोन मिनिटं. पट्टीवर लाल रेघ असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही असं बारीक अक्षरात छापलेलं असतं, ती लाल रेघ सात महिने रोज दोनदा माझ्या अंगठ्याखाली होती. ती डिझाइन आहे असं मला वाटायचं, खरंच.

आता गोळ्या वाढत कशा जातात ते सांगतो, कारण मलाही ते नंतरच कळलं. नोव्हेंबरात साळ्याचं लग्न होतं उमरेडला, उभं राहणं, पंगतीत वाढणं, नाचणं नाही पण तरी. तिथं दुपारी दुखायला लागलं आणि सकाळची गोळी तर घेऊन झालेली. आई म्हणे "माझी घे ना, चांगली हाय." ती आयबुप्रोफेन-पॅरासिटामॉलची. म्हणजे दिवसाला तीन झाल्या, दोन एका जातीच्या, एक दुसऱ्या. मला वाटलं वेगळं नाव आहे म्हणजे वेगळं औषध आहे, एकमेकांना काही करणार नाहीत. डिसेंबरात थंडी पडली तशी बोटं सुजली, तेव्हा दुकानातल्या पोरानं स्वतःहून एक छोटी पांढरी गोळी दिली, सूज उतरवायची म्हणे, चार-पाच दिवस घ्या. काय सांगू, दुसऱ्या दिवशी मी नवा माणूस. भूक अशी की रात्री अकराला उठून गार भात खाल्ला. मग जेव्हा जेव्हा जास्त व्हायचं तेव्हा तेव्हा ती चार-पाच दिवस. जानेवारीत लोक म्हणायचे चेहरा भरला तुमचा, तब्येत सुधारली.

मार्च एंडिंगला ऑफिसात एका लॅबवाल्यांनी बीपी तपासायचा कॅम्प लावला होता. माझं 156/98. माझी बीपीची गोळी सहा वर्षांपासून सुरू आहे, टेल्मिसार्टन 40 आणि त्यातच लघवीवाटे पाणी काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड 12.5, आणि 130 च्या पुढं सहसा जात नाही. पण मार्च एंडिंग, हिशोब जुळत नाही, मॅनेजर डोक्यावर, बीपी वाढणारच ना. लोणचं बंद केलं आणि स्वतःवर खूश झालो. छातीत जळजळ व्हायची त्याला पँटोप्राझोल, तीही मीच सुरू केली, आठवली तर घ्यायचो.

एप्रिलात नागपूर म्हणजे तुम्हाला माहीत आहे. पारा 44 च्या आसपास, स्कूटरच्या सीटवर पाण्याचा शिपका मारल्याशिवाय बसता येत नाही. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या वळणावर धाप लागायला लागली, ऊन आहे म्हटलं. लघवी दिवसातून दोनदाच, घाम जातोय म्हटलं. संध्याकाळी मोज्यांचे वळ पडायला लागले पायावर, कॅशला बसून बसून पाय सुजतातच म्हटलं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे एक कारण तयार होतं.

आणि मग ते दुसरं, जे आपण कुणाशी बोलत नाही. संडास काळी व्हायला लागली. काळी म्हणजे गडद वगैरे नाही, रस्त्यावर डांबर टाकतात तशी, चिकट, दोन बादल्या पाणी टाकलं तरी भांड्याला धरून राहणारी, आणि वास नेहमीचा नाही, वेगळाच, एकदा आला की विसरत नाही. तीन दिवस मी हे कुणाला बोललो नाही. बायको रात्री काळ्या मनुका भिजत घालते, त्यामुळे असेल म्हटलं. चौथ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये तांब्या उचलायला वाकलो आणि डोळ्यासमोर सगळं पांढरं झालं, पडलो ते बादलीवर, दार आतून बंद. मुलीनं बाहेरून ढकलून ढकलून कडी तोडली.

ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, नंबर न लावता आत. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, तळहात बघितला, नाडी 118, बीपी 96/60. तीन आठवड्यांपूर्वी 156 होतं हे मी सांगायला लागलो तर म्हणाले थांबा. "संडास कशी होते?" काळी. किती दिवस? तीन-चार. ते एकदम गप्प झाले आणि रेफरची चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता विचारलं, औषधं कोणती सुरू आहेत सध्या?

मी म्हटलं, फक्त बीपीची.

मागून बायको म्हणाली, "आणि ती दुखण्याची." मी म्हटलं ती काय औषध आहे का! म्हणजे खरंच, त्या क्षणी, नाडी 118 असताना, मी तिच्यावर चिडलो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोणती दुखण्याची?" तुम्ही लिहिलेली. "मी तर पाच दिवस लिहिली होती." त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं.

हॉस्पिटलचं थोडक्यात सांगतो, सगळी हॉस्पिटलं सारखीच असतात. हिमोग्लोबिन 6.8, किडनी नीट गाळत नसली की वाढतं ते क्रिएटिनिन 2.3, पोटॅशियम 5.7. आधीच्या वर्षी क्रिएटिनिन 1.0 होतं, फाइल होती म्हणून कळलं. दोन बाटल्या रक्त चढवलं, ते रक्त फ्रिजमधलं, हात खांद्यापर्यंत गार पडला होता एवढं आठवतं. तिथं पण ड्युटीवरच्या पोरसवदा डॉक्टरनं विचारलं काय काय घेता, आणि या वेळी मी सांगितलं, तरी ती पांढरी गोळी विसरलो. ती तर अधूनमधून घ्यायचो ना.

एन्डोस्कोपीला लोक फार घाबरतात म्हणून हे जरा सविस्तर. घशात एक स्प्रे मारतात, कडूजार, मिनिटाभरात घसा आहे की नाही तेच कळत नाही, आवंढा गिळायला गेलं की गिळला का नाही समजत नाही, भीती वाटते ती त्याचीच. डाव्या कुशीवर झोपवतात, दातात प्लास्टिकची कडी देतात, आणि मग नळी. ओकारी येते, डोळ्यातून पाणी, तोंडातून लाळ गळते ती गळू द्यायची, सिस्टर पाठीवर हात ठेवून "नाकानं श्वास घ्या दादा, झालंच, झालंच" म्हणत होत्या. पाच-सात मिनिटं असेल. जठरात खालच्या बाजूला दोन जखमा, मोठी साधारण 1 सेंटीमीटरची, रक्त त्या वेळी थांबलेलं होतं म्हणून क्लिप वगैरे लावावी लागली नाही. तिथूनच छोटा तुकडा काढून एका पिवळ्या जेलमध्ये टाकला, तो गुलाबी झाला तर एच. पायलोरी नावाचे जंतू आहेत असं समजायचं. झाला गुलाबी. म्हणजे जंतूही होते आणि गोळ्याही, दोघांनी मिळून काम केलं.

पोटाच्या डॉक्टरांना मी आपला मोठ्या विश्वासानं म्हटलं की पण मी कधीच उपाशीपोटी घेतली नाही हो, दरवेळी जेवूनच. ते हसले. म्हणाले, गोळी पोटात जिथं पडते तिथं खड्डा करते एवढंच नसतं, ती रक्तात जाते आणि तिथून जठराच्या अस्तराचं काम बंद पाडते. त्या अस्तरावर जो बुळबुळीत थर असतो तो टिकवायला शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन बनवतं, आणि दुखणंही त्याच रसायनामुळं जाणवतं, गोळी ते बनणंच थांबवते. दुखणं कमी, थरही कमी. उद्या कमरेत इंजेक्शन घेतलं तरी जखम जठरातच होणार. मग पोट दुखलं का नाही माझं? तर म्हणे दुखणं दाबायचीच गोळी घेत होता ना तुम्ही, रोज दोनदा. यावर मी काही बोललो नाही.

पाचव्या दिवशी सोडलं, बिल 42,000 च्या वर, आणि एच. पायलोरीचा 14 दिवसांचा कोर्स, त्यातल्या एका गोळीनं तोंड दिवसभर तांब्याची तार चघळल्यासारखं.

पण किडनीचं मला नीट समजलं ते आमच्या फॅमिली डॉक्टरांकडेच. त्यांनी लेटरपॅड उलटं केलं आणि एक गोल काढला, त्याला एक आत येणारा पाइप आणि एक बाहेर जाणारा. गोल म्हणजे किडनीतली चाळणी. आत प्रेशर राहिलं तर गाळणं होतं. दुखण्याच्या गोळीनं आत येणारा पाइप आवळला. बीपीची तुमची टेल्मिसार्टन बाहेर जाणारा पाइप सैल करते, एरवी ते किडनीला चांगलंच. आणि पाणी काढणाऱ्या औषधानं टाकीतच पाणी कमी. वरून 44 डिग्री. आता चाळणीत प्रेशर कुठून येणार? एकेक गोष्ट वेगवेगळी चालली असती, तिन्ही एकदम नाही चालत. शिवाय दुखण्याची गोळी मीठपाणी अंगात धरून ठेवते म्हणून मार्चमध्ये बीपी वाढलं होतं, तुमच्या मॅनेजरमुळं नाही. पुढं पोटातून रक्त जायला लागल्यावर ते खाली आलं.

मग म्हणाले, गिधाडं पाहिली होती का लहानपणी? पाहिली होती. मामाच्या गावी मेलेलं ढोर शिवेबाहेर टाकलं की तासाभरात वीस-पंचवीस उतरायची, आम्ही दगड मारायला जायचो. नंतर दिसेनाशी झाली. ती का गेली ते मला त्या दिवशी कळलं, गुरांना दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक टोचायचे, तसं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची किडनी बंद पडायची. 2006 साली आपल्याकडे गुरांसाठी त्यावर बंदी आणली, आणि मी जी घेत होतो त्या ॲसिक्लोफेनॅकवर गुरांसाठी 2023 मध्ये, कारण जनावराच्या अंगात तिचं डायक्लोफेनॅकच होतं. माणसाचं आणि गिधाडाचं सारखं नाही, त्यांना ते बाहेर टाकताच येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, पण तरी मला घरी येईपर्यंत गिधाडंच दिसत होती.

निघताना म्हणाले, उद्या घरातला गोळ्यांचा डबा घेऊन या. निवडू नका, साफ करू नका, आहे तसा.

आमचा डबा म्हणजे जुना बिस्किटांचा, पत्र्याचा. टेबलावर उलटा केला. कात्रीनं कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे, कुणावर नाव आहे तर तारीख नाही, कुणावर तारीख आहे तर नाव नाही. त्या पांढऱ्या गोळीच्या तुकड्यावर नुसती शेवटची अक्षरं उरली होती, "...सोलोन". डॉक्टरांनी चष्मा कपाळावर ढकलून उजेडात धरला. "प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड आहे हे. कुणी दिलं?" मी दुकान सांगितलं नाही, त्यांनी परत विचारलं नाही. चेहरा भरला होता तो त्यामुळे. स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी सोबत घेतली तर अल्सरचा धोका कितीतरी पटीनं वाढतो, आणि जास्त दिवस घेऊन एकदम सोडली तर आणखी वेगळे प्रॉब्लेम.

त्यांनी ढीग केले. मुलीची पाळीत घ्यायची मेफेनॅमिक ॲसिड, ती ठेवा, दोन-तीन दिवस, खाऊन, उलट्या होत असतील तर नको. निमेसुलाइडची एक पट्टी निघाली, कधीची कोण जाणे, ती त्यांनी सरळ टोपलीत टाकली, लहान मुलांना तर ही 2011 पासूनच बंद आहे म्हणाले, शेजारचं पोर आलं तापानं तर तुम्ही हीच अर्धी तोडून द्याल. खोटं नव्हतं ते. बायकोच्या डोकेदुखीच्या, कॅफिनवाल्या, पाच रिकाम्या पट्ट्या. महिन्यातून किती दिवस घेता? हिनं बोटं मोजली आणि थांबली. अशा मिसळीच्या गोळ्या महिन्यात 10 दिवसांच्या वर जायला लागल्या की गोळीच डोकं दुखवायला लागते, हे तिला पटलं नाही. अजून अर्धवटच पटलंय, पण सोडल्यावर पहिले दोन आठवडे ती फार त्रासली आणि मग खरंच कमी झालं.

डॉक्टर चिडले ते आईच्या गोळीवर. आईला 2019 मध्ये स्टेंट पडलाय, ॲस्पिरिन 75 रोज सुरू. आणि गुडघ्यासाठी ती आयबुप्रोफेन. एकतर दोन्ही मिळून रक्तस्राव, दुसरं म्हणजे आयबुप्रोफेन ॲस्पिरिनची जागा अडवून बसतं, मग हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन नावापुरतीच पोटात जाते. "आजी, हे किती वर्षांपासून?" आई शांतपणे म्हणाली, "मी कोठी औषध घेतो बापा, दुखण्याची गोळी हाय ते."

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मी टेबलाकडे.

चिठ्ठीचा फोटो मी त्याच रात्री डिलीट केला. सांधे अजून दुखतात, जादू काही झाली नाही. सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून बोटं उघडमीट करतो, टाचेला मऊ चप्पल घरातही, फार झालं तर पॅरासिटामॉल 650, सहा तासांचं अंतर ठेवून, दिवसात तीनच्या वर नाही, आणि अंगठ्याला डायक्लोफेनॅकचं जेल थोडं, ते कातडीवरून रक्तात फार कमी जातं म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय. बीपीची गोळी बदलली. क्रिएटिनिन आधी 1.6, मग 1.2 वर आलं. आईला गुडघ्याला खडेमिठाची पोटली शेकायला दिली तर ती दोन दिवस रुसली होती, मीठ काय गोळी आहे का म्हणे.

जूनमध्ये परत एन्डोस्कोपीला बोलावलं, जठराचा अल्सर भरला का ते पुन्हा बघावंच लागतं. आत घ्यायच्या आधी एक फॉर्म भरायचा असतो, त्यात "सध्या सुरू असलेली औषधे" असा रकाना, दोन ओळींचा. मी भरायला बसलो. बीपीची, ॲसिडिटीची, लोहाची, पॅरासिटामॉल कधीकधी, जेल, त्रिफळा चूर्ण रात्री, सर्दीची एक गोळी मागच्या मंगळवारी. ओळी संपल्या तर समासात उभं लिहिलं. सिस्टर वाचून म्हणाल्या, "दादा, मलम पण लिहिलंत?"

लिहू द्या म्हटलं. मग परत तो कडू स्प्रे, परत ती प्लास्टिकची कडी. लहान जखम पूर्ण भरली, मोठीच्या जागी पांढरा वण आहे, फोटो फाइलला लावून दिलाय.